रात्र जागायची, तर गायचीही तयारी ठेव

पत्र

ताई, मी मूळची सांगलीची. लात्वियाच्या राजधानीत, रीगात, एम.एस्सी.चं पहिलं वर्ष संपत आलंय. वर्गातल्या लात्वियन मैत्रिणीने 23 जूनच्या रात्री, लीगोच्या सणाला, तिच्या आजीच्या शेतघरी बोलावलंय, त्सेसिसच्या पुढे कुठेतरी. रात्रभर शेकोटी, गाणी, डोक्यावर फुलांचे मुकुट. ती हसत म्हणाली, "त्या रात्री आम्ही सगळे पेगन असतो," म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे निसर्गपूजक. हे घरी सांगितल्यापासून फोनवर दुसरा विषय नाही. आई म्हणते, आपल्या घरी देवीचा कुळाचार आहे, परक्यांच्या आगीभोवती कसली पूजा करतेस. बाबांचं भलतंच. हे लोक मुळात वैदिकच असल्याचा लांबलचक फॉरवर्ड पाठवून "त्यांना हे सांग" म्हणाले. मी अंडंसुद्धा खात नाही, पीत नाही, आवाज फाटका. त्यात वर्गातल्या एकाने विचारलं, "फर्नचं फूल शोधायला जाणार का?" मी म्हटलं, "हो, आवडेल की." सगळे खो-खो हसले. जावं का? गेले तर तिथे काय करायचं असतं?
— रीगाची पाहुणी

उत्तर

पाहुणीबाई, जाच. आधी ते फर्नचं मिटवून टाकू, म्हणजे वर्गात मान वर करून बसता येईल.

फर्नला, म्हणजे आपल्या नेच्याला, फूल येतच नाही. पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपके येतात, त्यांतून बीजाणू पडतात, झालं त्याचं काम. लात्वियातली समजूत अशी, की वर्षातून एकदा, याच रात्री, ते फूल उमलतं आणि नशीबवानालाच सापडतं. ते शोधायला जंगलात जावं लागतं, तेही दोघांनी. रिकाम्या हाताने परत आलेल्या जोडीला "सापडलं का?" असं कोणी विचारत नाही. आलं लक्षात? तुला तिथे कोणी हा प्रश्न केलाच, तर होय-नाही तुझं तू ठरव. नको असेल तर "मी शेकोटी राखते" म्हण. शेकोटी राखणारं माणूस त्या रात्री सगळ्यांनाच हवं असतं, त्यामुळे ही सबब कोणी उडवून लावत नाही. आणि आगीवरून उड्या मारतात तेव्हा हात धरून उडी मारणाऱ्यांकडे सगळे जोडपं म्हणूनच बघतात, हेही माहीत असू दे. एकटीने मारलीस तर काहीच अर्थ निघत नाही.

आता आईचा प्रश्न. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

23 तारखेला लीगो आणि 24 ला यान्यी. दोन्ही दिवस सरकारी सुट्टी असते आणि रीगा ओस पडतं, कारण जो तो गावाकडे पळतो. यान्यी हे नाव यानिसवरून आलं आणि यानिस म्हणजे बायबलातला योहान. 24 जून हा चर्चच्या पंचांगातला त्याचा दिवस. खरा सर्वांत मोठा दिवस 20 किंवा 21 जूनलाच होऊन गेलेला असतो. तर सण सूर्याचा, तारीख चर्चची आणि गाण्यांत यानिस येतो तो घोड्यावरून येणारा, शेतं बघत हिंडणारा देवाचा मुलगा म्हणून. बहुतेक लात्वियन घरांत हा धर्माचा प्रश्नच नसतो. कोणी लुथरन, कोणी कॅथलिक, पुष्कळ जण कशातच नसलेले, आणि शेकोटी सगळ्यांची. तुझी मैत्रीण "पेगन" म्हणाली ते बहुधा या अर्थाने.

पण तिथे खरोखर धर्म म्हणून हे पाळणारेही आहेत. त्यांना दिएवतुरी म्हणतात. एर्नेस्ट्स ब्रास्तिन्श आणि त्याच्या सोबत्यांनी 1925 मध्ये लोकगीतांच्या आधारावर ही चळवळ उभी केली. सोव्हिएत सत्तेने त्याला पकडून नेलं आणि 1942 मध्ये गोळी घातली. परागंदा लात्वियनांनी ती परंपरा बाहेर जपली, 1980च्या दशकाच्या अखेरीस ती मायदेशी पुन्हा उभी राहिली आणि 2017 पासून दौगावा नदीतल्या एका बेटावर त्यांचं लोकस्तेने नावाचं मंदिरही आहे. संख्येने थोडे लोक, पण आपल्या श्रद्धेबद्दल गंभीर. म्हणून मैत्रिणीला सरळ विचार, "तुमच्या घरी हा सण आहे की पूजा?" राग येणार नाही. पूजा असेल, तर शेकोटीत भाकरीचा तुकडा, थोडी बीअर वाहतील. तेव्हा तू शांत उभी राहिलीस तरी पुरे. हात जोडावेसे वाटले तर जोड, नाही वाटले तर नको. आईला सांग, की कुळाचार मोडण्यासारखं तिथे तुझ्याकडून कोणी काही मागत नाही. मला विचारशील तर पाहुणीने यजमानाच्या आगीपुढे अदबीने उभं राहणं आपल्या कुठल्याही देवीला खटकत नसावं. पण ते आईचं आणि तुझं तुम्ही बघा.

आईला आणखी एक समजावता येईल. तिला प्रश्न पडला असेल, की जूनमधल्या उन्हाचं कोणाला एवढं कौतुक? आपल्याकडे जूनमध्ये डोळे मृगाकडे. सूर्य ढगाआड गेला की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि पेरणीला लागतो. आपली सूर्याची आठवण संक्रांतीची. सांगलीत सगळ्यांत मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास, सगळ्यांत लहान अकराच्या. फरक जाणवतोच कुठे? रीगात या दिवसांत सूर्य साडेचारला उगवतो आणि रात्री दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो, आणि डिसेंबरात पावणेसात तासही धड उजेड नसतो. तू तिथला एक हिवाळा काढलायस, दुपारी चारच्या आधी दिवे लावलेयस, तेव्हा हे तुला मी सांगायला नको. तिथल्या शेतकऱ्याला ही रात्र पेरण्या उरकल्यावर आणि गवतकापणीच्या आधी मिळते. शेकोटीचा उजेड जिथवर पोचेल तिथवरचं शेत पिकेल, अशी समजूत. म्हणून आग टेकाडावर, कधी उंच खांबाच्या टोकालाही पेटवतात आणि सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत विझू देत नाहीत. जो झोपला तो सगळा उन्हाळा झोपाळू राहणार. पहाटे दवाने तोंड धुवायचं. मागच्या वर्षीचे वाळलेले मुकुट याच आगीत टाकायचे.

बाबांचा फॉरवर्ड मात्र तिथे काढू नकोस. त्यांच्या आणि आपल्या भाषांचं दूरचं नातं आहे, ते भाषाशास्त्रज्ञ फार आधीपासून सांगत आले आहेत आणि त्यात कोणी कोणाचा बाप ठरत नाही. माझी हरकत वेगळी आहे. बिशप आल्बर्टने 1201 मध्ये रीगा वसवलं तेव्हापासून या लोकांना "तुम्ही खरे कोण" हे दुसऱ्यांनीच सांगितलंय. जर्मन सरदारांनी सांगितलं, मग पोलिश आणि स्वीडिश राजांनी, झारने, मग पक्षाने. 1959 मध्ये तिथल्या कम्युनिस्ट पक्षातून "राष्ट्रवादी" मंडळींची हकालपट्टी झाली आणि त्यानंतर काही वर्षं लीगो उघडपणे साजरा करायलाच बंदी होती. तुझ्या मैत्रिणीची आजी पंचाहत्तरीच्या पुढची असेल तर तेव्हा ती शाळकरी पोर असणार. तिच्याच अंगणात उभं राहून "आजी, तुम्ही मूळच्या आमच्याच" म्हणायचं? त्यापेक्षा तिला विचार, की बंदीच्या वर्षांत तुमच्या घरी शेकोटी पेटायची का. मैत्रीण भाषांतर करेल. आणि ती सांगेल ते बाबांना फॉरवर्ड कर!

आता ज्याची तुला सगळ्यात जास्त भीती वाटतेय, तो आवाज.

लीगोला जाऊन गप्प बसणं हा तिथला खरा उद्धटपणा. दारू नको म्हटलीस, मांस नको म्हटलीस, कोणाला काही वाटणार नाही. गायचं नाही म्हटलंस की यजमानीण खट्टू होईल. सुदैवाने त्या गाण्याला गोड गळा लागत नाही. एक जण दोन ओळी म्हणतो, बाकीचे त्या उचलतात, काही जण नुसता एक लांब स्वर धरून ठेवतात, आणि ओळीच्या शेवटी सगळे मिळून "लीगो, लीगो". स्वर धरणाऱ्यांत जाऊन बस, तासाभरात आपोआप जमतं.

त्या रात्रीपुरती आजी "यानिसची आई", आजोबा किंवा घरातला कर्ता पुरुष "यानिसचा बाप" आणि आलेले सगळे "यानिसची मुलं". शेजारपाजारचे गटागटाने येतात आणि दारातच गाण्यांतून घरच्यांची खिल्ली उडवायला सुरुवात करतात. यांच्या शेतात पिकापेक्षा तण जास्त, यांचं चीज ताटलीत दिसेना, यांच्या पोरी दुपारपर्यंत लोळतात. घरचे तेवढ्याच तिखट गाण्याने परतफेड करतात. पोरी पोरांना धुतात, पोरं पोरींना. त्या रात्री म्हटलेलं कोणी मनात ठेवत नाही. तुझ्यावर गाणं रचलं जाणारच, कारण नवं माणूस म्हणजे आयतं गिऱ्हाईक. ते आलं की लाजून हसू नकोस, परतफेड कर. मराठीत.

हे मी उगाच सांगत नाही. ज्या गाण्यांवर हा सण उभा आहे ती दाइना बहुतेक चार ओळींची, पुष्कळशी बायकांच्या तोंडची, आणि त्यांत शेत, लग्न, सासर, अनाथपण, सूर्य, सगळं असतं. क्रिश्यानिस बारोन्स या माणसाने 1894 ते 1915 या काळात त्यांचे खंड छापले. गाणी दोन लाखांवर. बोटभर कागदाच्या चिठ्ठीवर एकेक गाणं लिहून त्याने ती लावली ती सत्तर खणांच्या एका लाकडी कपाटात. ते कपाट 2001 पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत आहे आणि आता रीगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तू तिथे अभ्यासाला जात असशील तर वर जाऊन बघून ये, ते ग्रंथालय तसंही भटकायला छान आहे. इकडे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गावोगावच्या बायकांकडून गोळा केल्या, त्याही लाखाच्या घरात. तुझ्या आजीला, नसेल तर आजीच्या वयाच्या कोणाला फोन कर आणि दोन-चार ओव्या लिहून घे. ओवीला फाटका आवाज चालतो, जात्याच्या घरघरीत कोणाचा कळतोय! चिमटा काढणारी हवी असेल तर ही माझ्याकडून घे:

*यानिसच्या आईबाई, तुझ्या मळ्यात स्ट्रॉबेरी,*
*पाहुणी सांगलीची, उभी उपाशी बांधावरी.*

प्रत्येक ओळीनंतर थांब. "लीगो, लीगो" ते म्हणतील. अर्थ मैत्रीण सांगेल आणि बशी येईल.

बशीवरून आठवलं. त्या रात्रीचं मुख्य खाणं म्हणजे यान्यीचं चीज. फोडलेल्या दुधाचा चोथा लोणी, मीठ आणि कॅरवे घालून मळतात, फडक्यात बांधून वजनाखाली ठेवतात, सूर्यासारखा पिवळा गोल निघतो. कॅरवे म्हणजे साधारण आपल्या शहाजिऱ्यासारखं दिसणारं. दिसायला शुद्ध शाकाहारी, पण त्यात अंडं असतं, तेव्हा तुझ्या कामाचं नाही. छोट्या चंद्रकोरीसारखे भाजलेले पीरागी घेऊन कोणीतरी मागे लागेल, त्यांत डुकराचं मांस असतं. मग राहतं काय? राईची काळी भाकरी, शेपू घातलेले नवे बटाटे, ताजं दह्याच्या चोथ्यासारखं बिएझपिएन्स, स्ट्रॉबेरी. भूक भागते. बीअरच्या जागी बर्चच्या खोडाचा रस माग. क्वास देतील, तो आंबवलेला असल्याने त्यात किंचित अल्कोहोल असतो, हे लक्षात ठेवून काय ते ठरव. आणि हे सगळं मैत्रिणीला आत्ताच कळव. ऐन वेळी आजीला कोड्यात टाकू नकोस.

मुकुट तिथेच, दुपारी, स्वतःच्या हाताने करायचा. विकत घेतलेला घालून गेलीस तर चालेल, पण दुपारची सगळी मजा हुकेल. पुरुषांना ओकच्या पानांचा, बायकांना रानफुलांचा. तीन-चार देठ एकत्र धरायचे, नवं फूल आडवं ठेवून त्याचा देठ जुन्यांभोवती एक वेढा देऊन मागे सोडायचा, मग पुढचं फूल. गजरा गुंफता येत असेल तर हात लगेच बसेल, फक्त दोऱ्याचं काम देठच करतो. देठ लांब ठेव, आखूड तोडलेस की सुटत जातं. तीन नव्वे, म्हणजे सत्तावीस प्रकारची झाडं-फुलं त्यात असावीत असं म्हणतात. डेझी, क्लोव्हर, निळं कॉर्नफ्लॉवर, पिवळ्या फुलावर जांभळी पानं असलेली नार्बुली. सापडतील तेवढी घाल.

एका झाडाला मात्र हात लावू नकोस. रस्त्याकडेला माणसापेक्षा उंच, छत्रीसारखे पांढरे फुलोरे असलेलं झाड दिसेल, लात्वानी म्हणतात त्याला. सोव्हिएत काळात गुरांचा चारा म्हणून आणलं आणि देशभर माजलं. त्याचा चीक कातडीवर पडला आणि ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन् महिने जात नाहीत. फोटोलासुद्धा जवळ जाऊ नकोस.

निघायच्या आदल्या दिवशी रीगाच्या दोम चौकात गवत-बाजार भरतो, तिथे चक्कर मार. बर्चच्या फांद्या, मुकुट, चीज यांच्यामध्ये लांब हिरव्या पात्यांच्या जुड्या दिसतील. एक पातं चुरगळून वास घे. वेखंड! बाळगुटीत उगाळतात तेच. ते लोक पात्यांनी घर सजवतात, जमिनीवर पसरतात, पाय पडला की खोलीभर वास सुटतो. ही जुडी घरी व्हिडिओ कॉलवर दाखव. माझा अंदाज आहे, की आईचा निम्मा विरोध तिथेच मावळेल.

आता कंटाळवाण्या पण गरजेच्या गोष्टी. तिथल्या गवतात गोचिड्या असतात आणि त्यांच्यापासून मेंदूज्वर होऊ शकतो. त्यावर लस आहे. पहिल्या दोन मात्रा अंतराने घ्याव्या लागतात, म्हणून याच आठवड्यात विद्यापीठाच्या डॉक्टरांना भेट. लाइम नावाचा दुसरा आजार या लशीने टळत नाही, तेव्हा लांब पँट मोज्यात खोचायची, औषध फवारायचं आणि सकाळी अंग नीट तपासायचं. रात्री थंडी वाजते, पाऊस तर लीगोला येतोच असं लात्वियन स्वतःच म्हणतात. जॅकेट ने. उडी मारणार असलीस तर अंगावर सुती किंवा लोकरी कपडे, सिंथेटिक ओढणी नाही, आणि आग खाली बसल्यावरच. संध्याकाळी बहुधा पिर्त्स, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवतील. बायका वेगळ्या जातात, पण टॉवेल वगैरे फार कोणी पाळत नाही. नको असेल तर "मी मुकुट करते" म्हणून बाहेर बस.

परतताना प्यायलेल्या कोणाच्याही गाडीत बसायचं नाही. त्या दोन दिवसांत पोलीस रस्तोरस्ती उभे असतात. रक्तात दीड प्रतिमिलच्या (हजारात दीड भागाच्या) वर अल्कोहोल सापडला तर गाडी जप्त होऊ शकते. 2023 मध्ये अशा जप्त गाड्या लात्वियाने थेट युक्रेनला पाठवून दिल्या. त्सेसिसहून रीगाला रेल्वे आहे. वेळ आधीच बघून ठेव.

वाटेत सिगुल्दा लागतं. पुढच्या कुठल्यातरी रविवारी तिथे उतरून तुराइदाच्या दाइना टेकडीवर जा. बारोन्सच्या दीडशेव्या जयंतीला, 1985 मध्ये, तिथे इंदुलिस रांकाची दगडी शिल्पं उभी राहिली. तेव्हा लात्विया सोव्हिएत संघातच होता आणि लोक या टेकडीवर गाण्याच्या निमित्ताने जमायचे.

भेट काय न्यायची ते तू विचारलं नाहीस, पण विचारणार होतीस असं धरून सांगते. शेंगदाण्याचे लाडू ने, मात्र घरात कोणाला दाण्याची ॲलर्जी नाही ना ते आधी विचार. असेल तर चुरमुऱ्यांचा चिवडा, दाणे न घालता. आणि आजीसाठी फुलं घेतलीस तर विषम संख्येत, पाच किंवा सात. सम संख्येची फुलं तिथे मयताला नेतात.